साडूबुवा व्हेटरन लेव्हलवर

खेळायला बसण्यापूर्वी कोपरापर्यंत हात धुणारा माणूस सबंध इंग्लंडात एकच असणार, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. मैदानावरच्या क्रिकेटबद्दल मी बोलत नाही. मैदानावर आमचे साडूबुवा गेले ते फक्त छत्री, घडीची खुर्ची आणि काकडीची सँडविचेस घेऊन. मी बोलतोय ते नॉटिंगहॅमच्या त्यांच्या घरात, टीव्हीसमोर चालणाऱ्या क्रिकेटच्या व्हिडिओ गेमबद्दल. जन्मभर त्यांनी इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल दिली. त्यामुळे कुठलंही काम करायचं म्हणजे आधी हात धुवायचे, मग यंत्र तपासायचं, मग यंत्र तपासलं आहे ना हे पुन्हा तपासायचं, ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरलेली आहे की कंट्रोलर हातात घेतानासुद्धा ते त्याची प्रत्येक कळ एकदा दाबून बघतात. सोफ्यावर ते कधीच खेळत नाहीत. जेवणाच्या टेबलाची ताठ पाठीची खुर्ची ओढून घेतात, चष्मा पुसतात आणि खोलीत जमलेल्यांकडे असं बघतात की आपण नातेवाईक आहोत, बाहेर थांबायला हवं, असं आपल्यालाच वाटायला लागतं. मॅचआधी ते काही खात नाहीत. एकदा आम्ही कॉव्हेंट्रीहून गरम साबुदाणावडे करून नेले, आणि मी भाबडेपणाने डबा त्यांच्यापुढे धरला, तर माझी मेहुणी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्यांना नका देऊ, त्यांची बॅटिंग आहे!" वडे मीच संपवले. माझी बॅटिंग कधीच नसते.

हा गेम त्यांना आमच्या सईने, म्हणजे माझ्या मुलीने, त्यांच्या रिटायरमेंटला प्रेझेंट दिला. "काका, टाइमपास होईल तुमचा," ती म्हणाली होती. टाइमपास हा शब्द त्यांच्या कोशात नाही हे तिला कुठून माहीत असणार? ती इथे जन्मलेली, टाइमपास करत मोठी झालेली. या गेममध्ये 'करिअर मोड' नावाचा एक प्रकार असतो. त्यात आपण एक होतकरू खेळाडू तयार करायचा, त्याला नाव द्यायचं, नाकडोळे द्यायचे आणि गावच्या क्लबातून काउंटीच्या दुसऱ्या टीमपर्यंत, तिथून पहिल्या टीमपर्यंत आणि जमलं तर देशाच्या टीमपर्यंत चढवत न्यायचं. चांगला खेळला की त्याला गुण मिळतात. ते गुण त्याची ताकद, चपळाई वगैरे वाढवायला वापरायचे. साडूबुवांना मूलबाळ नाही. त्यांनी खेळाडूचं नाव मकरंद ठेवलं, आणि पत्रिकेत छापतात तसं नावाआधी इंग्रजीत 'Chi.' टाइप केलं. गेमला आपला 'चिरंजीव' कुठला कळायला? स्कोअरबोर्डावर तो कायमचा 'C. Makarand' झाला. कॉमेंटेटरला हे नाव उच्चारता येत नसल्यामुळे तो बिचारा नुसतं 'द बॅट्समन' म्हणून वेळ मारून नेतो.

तर या मकरंदला साडूबुवांनी जसं वाढवलं तसं मी माझ्या मुलीला वाढवलं असतं तर ती आज माझ्याशी बोलत नसती. मिळालेले गुण लोक षटकार मारायच्या ताकदीवर उधळतात. यांनी सगळे 'जजमेंट'वर घातले. "आधी बॉल सोडायला शिकू दे," म्हणाले, "मारायला काय, कोणीही मारतो." मॅचच्या आधी नेट प्रॅक्टिस असते, ती सगळं जग एक कळ दाबून स्किप करतं. मी एकदा तसं सुचवलं, तर त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ऑक्सिजन चालू आहे की नाही ते नंतर बघू, असं मी म्हणालो असतो तर त्यांनी असंच बघितलं असतं. बोलर धावत यायला लागला की ते अगदी हळू, पेशंटला सुई टोचताना म्हणायच्या सवयीने पुटपुटतात, "जस्ट अ शार्प स्क्रॅच." मॅच संपली की गेममधला वार्ताहर मुलाखत घेतो आणि तीन उत्तरं समोर ठेवतो: एक उद्धट, एक बेताचं, एक नम्र. साडूबुवा कायम नम्र निवडतात. कोचने मकरंदला टीममधून काढलं, तरी ते कोचच्याच बाजूने. "बरोबर आहे त्यांचं. पाय हलत नाहीत याचे."

पाय हलत नव्हते हे खरंच होतं. मकरंद क्लबातून काउंटीच्या दुसऱ्या टीममध्ये पोचला आणि तिथेच रुतला. दर रविवारी दुपारी साडूबुवांचा फोन येई. "मकरंद गेला." बस, एवढंच. मग जरा थांबून, "बघता बघता गेला हो. चांगला सेट झाला होता." एका रविवारी हा फोन स्पीकरवर होता आणि चहाला आमच्या शेजारच्या देशपांडेबाई आल्या होत्या. बाईंनी कप खाली ठेवला. मी सवयीने "अरेरे, कसा काय?" म्हणालो. पलीकडून आवाज आला, "आतल्या आत गेला. मला कळलंसुद्धा नाही." बाईंनी माझ्या बायकोचा हात धरला. बायकोला हसू आवरेना म्हणून तिने तोंडाला पदर लावला, त्याचा बाईंनी वेगळाच अर्थ घेतला आणि त्या न बोलता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिठलं-भाताचा डबा आणून दिला. खुलासा करायची माझी मनापासून इच्छा होती, पण पिठलं गरम होतं. आधी जेवलो. नंतर खुलासा करायचं धैर्य राहिलं नाही. बाई अजूनही मला भेटल्या की जरा हळू आवाजात बोलतात.

तोवर मी हा सगळा प्रकार विनोद म्हणूनच चालवत होतो. माझ्या मेहुणीने एकदा फोनवर मला जागं केलं. साडूबुवा रिटायर झाले तरी पूर्ण थांबले नव्हते, बुधवारी एक दिवस ते अजून ऑपरेशन थिएटरमध्ये भूल द्यायला जात. तो बुधवार त्यांचा प्राण होता. मंगळवारी शर्टाला इस्त्री, बुधवारी पहाटे ट्राम, आणि गुरुवारी चेहऱ्यावर तरतरी. ती म्हणाली, "तुम्ही हसताय, पण हा खेळ नाहीये. परीक्षा घेतायत ते स्वतःची. म्हणतात, भूल देणाऱ्याचा हात मंदावला तर ते त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. मला आधी कळायला हवं. मकरंद या सीझनला पहिल्या टीममध्ये गेला तर बुधवार चालू. नाही गेला तर बंद."

"अहो पण ताई, हात मंदावलाय असं हॉस्पिटलात कोणी म्हटलंय का?"

"कोणीच नाही. तिथे सगळे राहा म्हणतात. पण यांचा विश्वास कोणावर? त्या मकरंदवर!"

यानंतर मी हसायचं बंद केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण रविवारचा फोन मात्र मी जरा भीतभीतच उचलू लागलो. मकरंद जात राहिला. कधी पायचीत गेला, कधी स्लिपमध्ये कॅच देऊन गेला.

मग एका रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली. सईही घरी होती. श्रीखंड संपवून, वाटी नीट बाजूला सरकवून साडूबुवा म्हणाले, "मी बुधवार सोडतोय. डिपार्टमेंटला सांगून टाकलं."

मला वाटलं उपास सोडतायत. मी म्हणणार होतो, बरं झालं, या वयात झेपत नाही. नशिबाने तोंडात पुरी होती.

"पण का?" माझ्या बायकोने विचारलं.

"रिफ्लेक्सेस गेले माझे. सीझन संपला, मकरंद होता तिथेच आहे." ते अगदी शांत होते, रिपोर्ट वाचून दाखवावा तसे. "आणि कुठल्या लेव्हलला? व्हेटरन लेव्हलला. तिथेसुद्धा जमत नसेल, तर मी कोणाच्या नाकावर मास्क ठेवू नये."

मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. व्हेटरनलासुद्धा जमत नाही म्हणजे कठीणच आहे.

सईने मात्र चमचा खाली ठेवला. "काका, तुम्ही व्हेटरनवर खेळता? सीरियसली?"

"मग काय! जे आपल्या वयाचं आहे ते घ्यावं. ज्येष्ठ नागरिकांचा बसपास घेतला. बॅडमिंटन क्लबात व्हेटरन्समध्ये खेळतो. इथेही पहिल्याच दिवशी यादीत व्हेटरन दिसलं, निवडून टाकलं. ते अमॅच्युअर आणि प्रो वगैरे तरुण पोरांचं."

"आणि त्याच्याखाली लेजंड होता ना? त्याचं काय वाटला तुम्हाला?"

साडूबुवा जरा संकोचले. "लेजंड म्हणजे… वारलेले ना?"

सईचं मराठी एरवीच धडपडत चालतं, उत्साहात ते साफ कोसळतं. "ओ माय गॉड! काका, व्हेटरन म्हणजे ओल्ड लोकांचा नाही! तो लेव्हल हार्ड आहे! लेजंड सगळ्यात हार्ड, मग व्हेटरन. माझा ऑफिसमधले मुलं, ट्वेंटी-फाइव्ह वर्षाचे, ते पण अमॅच्युअरवर खेळतात. मी तर रूकीवर खेळते आणि हरते! तुम्ही व्हेटरनवर काउंटीत गेला? दॅट्स मॅड!"

साडूबुवांनी वाटी पुन्हा स्वतःकडे ओढली. ती रिकामी आहे हे बघितलं आणि पुन्हा सरकवली. "म्हणजे इतके दिवस…" म्हणाले आणि थांबले. माझ्या मेहुणीने डोळ्याला रुमाल लावला, आणि पुढच्याच क्षणी कडाडली, "बसपास म्हणे! उद्या पहिल्यांदा हॉस्पिटलला फोन करा आणि सांगा, चुकून झालं म्हणून!"

त्यांनी फोन केला नाही. आधी प्रयोग केला. घरी जाऊन, हात धुऊन, त्यांनी लेव्हल अमॅच्युअरवर आणली. मकरंदने शतक मारलं. पुढच्या मॅचला पुन्हा मारलं. लगेच पहिल्या टीमचं बोलावणं आलं. मी अभिनंदनाचा फोन केला, तर पलीकडे सुतकी आवाज. "काही अर्थ नाही हो. बोलर सगळे भूल दिल्यासारखे येतात. झोपलेल्या माणसाला मारून काय मिळवायचं?" लेव्हल परत व्हेटरनवर गेली. मकरंद पहिल्या टीमच्या पहिल्याच मॅचमध्ये तीन रन्सवर गेला. साडूबुवा खुशीत होते. कोचचं बरोबर आहे म्हणाले.

पण बुधवारचं? मी आडून आडून विचारलं, बायकोने विचारलं, मेहुणीने तर आठवडाभर दुसरा विषय काढला नाही. हॉस्पिटलवाल्यांनीही दोनदा विचारलं. साडूबुवांनी ऐकून घेतलं सगळ्यांचं. मग एकदा मला म्हणाले, "कारण चुकीचं निघालं हे खरं. पण सांगून टाकल्यावर एक-दोन दिवस मला बरं वाटलं होतं. ते कोणाला सांगायचं?" मी इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, ट्रॅफिकचं काम बघतो. माणसांना कुठे थांबायचं ते सांगणं हा माझा धंदा, पण तो फक्त चौकापुरता.

शेवटच्या बुधवारी मी रजा टाकून त्यांना आणायला गेलो. निरोपाच्या भेटवस्तू, फुलं, एक भलीमोठी कुंडी, हे सगळं ट्राममधून कसं येणार, अशी मेहुणीला काळजी. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये मी बराच वेळ बसून राहिलो. ठरलेली वेळ टळून गेली. वेळेच्या बाबतीत ते किती काटेकोर आहेत हे माहीत असल्यामुळे माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. शेवटी ते आले. कुंडी छातीशी, कार्डांची पिशवी मनगटाला, आणि चाल नेहमीपेक्षा सावकाश.

"शेवटची केस लांबली का हो?" मी दार उघडत विचारलं.

"नाही, नाही. केस वेळेत झाली." ते बसले, कुंडी मांडीवर ठेवली, तिच्याभोवतीच पट्टा लावला. "एक आजीबाई होत्या. झोपायच्या आधी माझा हात धरून म्हणाल्या, 'सी यू व्हेन आय वेक अप, डक.' इकडची माणसं प्रेमाने 'डक' म्हणतात ना, तसं. एरवी पेशंटने डोळे उघडले की मी लगेच पुढच्या पेशंटकडे जातो, बाकीचं रिकव्हरी रूममधल्या नर्सेस बघतात. आज पुढचा पेशंट नव्हता. म्हणून बसलो त्यांच्याजवळ."

"मग? उठल्या?"

"उठल्या ना. छान उठल्या. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, झालं? इतक्यात?"

मी चावी फिरवली. ते काचेतून हॉस्पिटलच्या दाराकडे बघत होते.

"सगळे हेच विचारतात," ते म्हणाले. "इतकी वर्षं. मी आपला दर वेळी हसून हो म्हणायचो."