शेंदूर लावलेला टप्पा

"चुना पुसतेत लोक, शेंदूर नाय पुसत," असं मुंजाबा एकदा म्हणाला होता, आणि ते वाक्य कडूबाला नखात शिरलेल्या कुसासारखं सलत राहिलं.

सिल्लोड रस्त्याकडच्या त्या दगडखाणीत कडूबा वीस वर्षं मुकादम. डंपर वर चढायचा वळणाचा रस्ता त्यानंच काढलेला. सगळे त्याला कडूबाचा घाट म्हणत. मुंजाबा फर्दापूरकडचा, मेंढरं विकून खाणीवर आलेला. तो घाटाच्या माथ्यावर बसून खेपा मोजी. मेंढरं मोजावीत तसा दर खेपेला एक खडा खिशात टाकी. एके दिवशी तो मालकांना, नानासाहेबांना, म्हणाला, "खाण अजून चाळीस फूट खाली गेली की डंपर दिवसभर घाटच चढंल. दगड फोडायचा क्रशर खाली न्या, खडी फिरत्या पट्ट्यानं वर काढा. पट्टा टेकायला पूर्वेचा पायरीसारखा टप्पा आत्तापासून राखा. तिथला दगड फोडू नका."

"अन् माझा घाट?" कडूबानं विचारलं.

"घाट चांगलाय, मुकादम. पर खाण वाढती, घाट किती वाढंल?"

नानासाहेब हसले. मुंजाबाला खुर्ची मिळाली, कपबशीतला चहा मिळाला. कडूबानं वीस वर्षं उभ्यानं, ग्लासातून चहा घेतला होता. त्या दिवसापासून त्याला मुंजाबाची घोंगडी खुपू लागली, त्याचं सावकाश बोलणं खुपू लागलं. ड्रायव्हर आता कुठलीही अडचण मुंजाबालाच विचारत. घरी आवडाबाई म्हणाली, "घास हातातच राहिला. कुणाशी भांडताय मनात?"

राखलेल्या टप्प्यावर मुंजाबानं चुन्याची रेघ मारली नव्हती. शेंदूर लावलेला एक दगड मांडला होता. नानासाहेब मुंजाबाला घेऊन पट्टा बघायला पुण्याला गेले, तेव्हा कडूबानं टप्प्यावर सुरुंगाची भोकं मारायला लावली. पण दगड समोर. देव सुरुंगात कसा उडवायचा? त्यानं दगड धुवट उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला आणि वर आणून आपल्याच घाटाच्या माथ्यावर बसवला. नवा शेंदूर लावला, नारळ फोडला, कान पकडले. मग सुरुंग उडवले.

"टप्पा कुणी उडवला?" परत आल्यावर नानासाहेबांनी ऑफिसात विचारलं.

"ड्रिलवाले चुकले, मालक," कडूबा म्हणाला. "खुणेचा दगड दिसलाच नाय म्हणतेत."

मुंजाबा खिडकीशी उभा होता. खिडकीतून घाटाचा माथा दिसत होता. दगडावरचा शेंदूर ओला होता, करवंटीला मुंग्या लागल्या होत्या. त्याची नजर तिथं थांबली आणि मग कडूबावर आली.

कडूबा वाट पाहू लागला. यानं नाव घ्यावं, शिवी द्यावी. मग भांडता तरी आलं असतं.

"आता वर्षभर घाटच," नानासाहेब थकून म्हणाले. "तुझं काय म्हणणं, मुंजाबा?"

मुंजाबानं खिशातले खडे मेजावर, न घेतलेल्या चहाच्या कपाशेजारी, ओतले. घोंगडी खांद्यावर टाकली. दारातल्या वहाणा पायांत सरकवल्या आणि तो फर्दापूरच्या वाटेला लागला.