व्याह्यांना पाजलेला चहा

मी माझ्या व्याह्यांना गुलाबाचं खत पाजलं. बिनसाखरेचं.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत गुणवत्ता तपासतो. पिशवीवर जे छापलंय तेच पिशवीत आहे का, एवढं पाहण्याचा मला पगार मिळतो. वरचा, मधला आणि तळाचा नमुना काढायचा, ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे, कोंब मोजायचे, आणि उगवण लेबलापेक्षा कमी भरली की अख्खा ढीग अडवायचा. कंपनीत माझ्याशी कुणी फारसं हसून बोलत नाही. यालाच मी कामाची पावती समजतो.

आमची रूपाली लग्न होऊन पुण्याला गेली. तिची नणंद केतकी तिथं एक छोटी चहा कंपनी चालवते. कंपनी म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि केतकी. नीलगिरीतल्या एका लहानशा बागेतून पत्ती आणायची, डब्यात भरायची, विकायची. इथवर माझी काही हरकत नव्हती. पण दिवाळीनंतर रूपालीनं बँकेतली पक्की नोकरी सोडली आणि ती त्या खोलीत जाऊन बसली. मला कळवलं; विचारलं नाही.

मग घरी डबा आला. हिरवा, गोल, चांगला मोठा, झाकणावर डोंगराचं चित्र. लेबलावर लिहिलेलं, ‘एकाच बागेतली अख्खी पानं. शुद्ध चहा. दुसरं काहीही नाही.’

‘दुसरं काहीही नाही’ असं ज्या पिशवीवर लिहिलेलं असतं, तिच्यात काय काय निघतं हे मी नोकरीत फार पाहिलंय.

मी आधी वजन केलं. बरोबर भरलं. (त्यानं माझा संशय वाढलाच. वजन इतकं बरोबर कुणाचंच भरत नाही.) मग पत्तीवरून लोहचुंबक फिरवलं. काही चिकटलं नाही. शेवटी वरची, मधली आणि तळाची पत्ती काढून ओल्या कागदात गुंडाळली आणि ताटलीखाली ठेवली. सकाळी उघडून पाहिलं तर प्रत्येक पत्तीचं अख्खं पान झालेलं! शिरा, कडा, देठ, सगळं जागेवर.

मी सुनंदाला बोलावलं. सुनंदा म्हणजे आमच्या सौभाग्यवती.

“हे पाह्य. चहाची पत्ती अशी राहते का? हा झाडाचा पाला आहे.”

“चहा काय मंग खाणीतून काढतेत का?” ती म्हणाली. “आणि चहाला मोड आणायचा असंल तर आणा, पण माझी ताटली धुऊन ठेवा.”

मी जाहीर केलं की, खात्री पटेपर्यंत या डब्यातला एक थेंबही मी पिणार नाही. आपला नेहमीचा कोपऱ्यावरच्या दुकानातला चहा आहे, तोच बरा. सुनंदा वाद घालत नाही. ‘बरं’ म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या ‘बरं’वर मी कधी संशय घेतला नाही, हा माझ्या तपासणीतला सगळ्यात मोठा दोष.

हिवाळा असाच गेला. आमचा नेहमीचा चहा त्या दिवसांत विशेष चांगला होत होता. मी तसं दोनतीनदा बोलूनही दाखवलं. “पाह्यलंस? याला म्हणतात चहा. लेबल न्हाई, डोंगर न्हाई, अन् चव बघ.” सुनंदा म्हणायची, “बरं.”

मग तो रविवार आला. सुनंदा सकाळीच शेजारणींबरोबर पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेली होती. दुपारी व्याह्यांचा फोन आला. ते आष्टीचे, रिटायर मास्तर, आणि मर्यादशील इतके की आमच्याकडे पंख्याचं बटणही विचारून दाबतात. केतकी पुण्याहून आली होती, बापलेक जालन्यात एका लग्नाला आले होते, जाता जाता डोकावणार होते.

मला वाटलं, हीच वेळ. रूपालीच्या जागेवर बँकेनं अजून कुणाला घेतलेलं नव्हतं. कंपनीचं पितळ आज उघडं पडलं, तर पोरगी उद्या परत नोकरीवर जाऊ शकत होती. तोंडानं काही बोलायचं नाही; त्यांचाच चहा त्यांना पाजायचा.

स्वयंपाकघरात डबा दिसेना. शोधता शोधता मागच्या गॅलरीत, सुनंदाच्या गुलाबांच्या कुंड्यांजवळ सापडला. तिनंही त्याला घराबाहेर काढलेलं पाहून मला बरं वाटलं. झाकण उघडलं. पत्ती काळीकुट्ट, वास शून्य. आणि मध्येच काय दिसावं? वेलदोड्याचं साल! एक नाही, बरीच. ‘दुसरं काहीही नाही’ म्हणे! मी एक साल पुरावा म्हणून खिशात ठेवलं.

लेबलावरची कृती मी तंतोतंत पाळली, म्हणजे मागाहून कुणी मला बोल लावायला नको. गरम पाणी, झाकण, दूध नाही, साखर नाही. रंग येईना म्हणून पत्ती दुप्पट टाकली. तरी पाण्याला जेमतेम मातट छटा आली.

व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग काही न बोलता कप संपवला. सगळा.

केतकीनं मात्र एका घोटानंतर कप खाली ठेवला. “काका, हा कुठला चहा?”

“तुमचाच. तुमच्याच डब्यातला.” मी डबा टेबलावर ठेवला आणि शेजारी खिशातलं साल मांडलं. “अन् हे त्याच्यात निघालं. मी तपासणीतला माणूस आहे, मला राहवत न्हाई. पोरीनं बँक सोडून ह्याच्यात जिंदगी घातली, म्हणून विचारतो. पत्तीत काय मिसळता तुम्ही?”

केतकीनं पत्ती तळहातावर घेतली, वास घेतला, आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मी नजर पंख्याकडे वळवली.

“ही वापरलेली पत्ती आहे,” ती हळूच म्हणाली. “एकदा उकळून वाळवलेली.”

एवढी मोठी चोरी पकडली जाईल हे मलाही अनपेक्षित होतं. मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून लेकीला विचारलं, “डबे भरायचं काम कोन करतं गं?”

केतकीनं पत्ती परत डब्यात टाकली. त्यांनी परत विचारलं.

“वहिनी,” ती म्हणाली. “दिवाळी झाल्यापासून सगळे डबे वहिनीच भरते.”

वहिनी म्हणजे आमची रूपाली. पुरावा टेबलावर होता, तो मीच मांडला होता, आणि आरोपी माझी मुलगी निघाली होती. साल परत खिशात घालावं म्हणून मी हात पुढं केला. पण व्याह्यांचं त्याच्यावर लक्ष होतं.

केतकीनं तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. रूपालीनं ऐकून घेतलं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमचा डबा होता म्हणून मी एकएक पान निवडून भरला होता.”

आपला अनुभव काय बोलतो आणि आपली पोर काय बोलते, यात कुणाचं धरायचं हे कुठल्याही तपासणीच्या नियमात दिलेलं नाही. “लेबल चुकलं असंल,” असं काहीतरी मी पुटपुटलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी लेबलाला दोष देत होतो.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. सुनंदा प्रसाद घेऊन आली. पाहुण्यांना पाहून हसली, टेबलावरचा डबा पाहून थांबली, कप पाहून तिनं तोंडाला पदर लावला.

“अहो, माझ्या गुलाबाचं खत घरात कशाला आणलं?”

मग तिनं एकेका कपात डोकावून पाहिलं. “आं? पाजलं का काय?”

चहा गाळल्यावर उरलेला चोथा सुनंदा धुते, वाळवते आणि गुलाबांना घालते. हिरवा डबा तिला आवडला, म्हणून ते खत त्याच्यात. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात सुया असतात आणि मिठाईच्या डब्यात लाइटबिलं, हे मी रोज पाहत होतो. त्यावरून निष्कर्ष काढायचं तेवढं राहून गेलं होतं. वेलदोड्याची सालं अर्थात आमचीच.

व्याही पहिल्यांदाच मोकळं हसले. “मला वाटलं, भारी चहा असाच राहत असंल. म्हणून गुमान पिलो.”

“इवाई, माफी असू द्या,” मी म्हणालो. “सुनंदा, जल्दी आपला रोजचा चहा टाक. चांगला दूध-आलं घालून. त्यांना कळू दे चहा काय असतो.”

चहा आला. वासानंच खोली भरली. मला जरा धीर आला, आणि धीर आला की मी बोलतो. केतकीला म्हणालो, “बेटा, राग मानू नको, पण हे पिऊन पाह्य. असा चहा बनवता आला पाहिजे तुम्हाला.”

तिनं घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग कपात पाहत राहिली. “काका, कुठून घेता हा?”

“कोपऱ्यावरच्या दुकानातून. बिलकुल साधा.”

“हा आमचा आहे.”

मी सुनंदाकडे पाहिलं. ती कपबश्या गोळा करत होती.

“तो डोंगर पाहून तुम्ही पिऊन न्हाई राह्यले,” ती म्हणाली, “म्हणून मी सगळी पत्ती आपल्या जुन्या बरणीत भरली. तेव्हापासून तेच पिऊन राह्यले की तुम्ही. रोज तारीफ करून.”

म्हणजे व्याह्यांना पाजलेला चहा तसा त्यांच्याच कंपनीचा होता. फक्त तो आधी मी प्यालो होतो.

टेबलावरचा फोन अजून चालूच होता, हे आम्ही सगळे विसरलो होतो. त्यातून रूपालीचं हसू ऐकू आलं, आणि मग तिचा आवाज: “बाबा, पुढचा चहा कोणत्या डब्यात पाठवू?”

आता तो साध्या पिशवीत येतो. लेबल नाही, बागेचं नाव नाही, वजनही छापलेलं नाही. अशी पिशवी मी कंपनीच्या फाटकातून आत येऊ देत नाही. घरी तिच्यातला चहा दोनदा मागून पितो.