बेटकुळी

आज पप्पांच्या डाव्या हाताचं खांद्यापर्यंतचं प्लास्टर काढलं, आणि आतून भलत्याच कुणाचा तरी हात निघाला. बारीक, पांढरट, सैल कातडीचा. मला वाटलं होतं रडू येईल, पण काहीच आलं नाही. मी नुसती बघत बसले.

लहानपणी मी सारखी म्हणायचे, "पप्पा, बेटकुळी दाखवा ना." ते हात वाकवायचे, दंडावर टम्म फुगवटा यायचा आणि मी त्याला लटकायचे.

कॉलेजात आत्ताच शिकलेय म्हणून सांगते, आपला स्नायूच एक प्रोटीन बनवतो, मायोस्टॅटिन. ते स्नायूला सांगतं, बास, आता वाढू नकोस. हात नुसता पडून राहिला की ते वाढतं, चालवायला लागलं की कमी होतं. म्हणजे बाहेरून कुणी काही नेलं नाही, शरीरानेच आवरतं घेतलं. इतके दिवस रडू येऊ लागलं की माझ्याही आत कुणीतरी असंच बास म्हणत असणार.

संध्याकाळी पप्पांनी हात वाकवून बघितला. पप्पा टेम्पो चालवतात, गिअर याच हाताने टाकायचा असतो.

"आली का गं?" ते हसत म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"झोपलीय."

"मग उठव की. एवढं शिकवतोय कशाला तुला?"

मी दंडावर बोट ठेवलं. काहीतरी हललं. त्यांचा स्नायू होता की माझंच बोट थरथरलं, कळलं नाही. मी बोट तसंच ठेवलं आणि म्हटलं, "परत वाकवा."