काडीपैलवानाचा ट्रॅक्टर

पाणीपुरवठ्याच्या आवारात चाळीस एकर गवत होतं आणि ते कापायला एकच माणूस होता. सगळे त्याला काडीपैलवान म्हणत. उंची भरपूर, पण अंगावर मांस नावाला नाही. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत असे. कुणी चिडवलं की तो म्हणे, "हाडं माझीच आहेत ना? कुणाची उसनी नाही आणली."

आधीची वीस वर्षं त्याने हे गवत खांद्यावरच्या यंत्राने कापलं. तेव्हा त्याच्यासह सहा जण रांगेने चालायचे आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं गवत पुन्हा घोट्याला लागायचं. यंत्राच्या थरथरीने त्याची बोटं पांढरी पडत. संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडायचाच. मग ऑफिसने छोटा ट्रॅक्टर घेतला. पोटाखाली पाती, वर मऊ सीट, पाठीला टेका, डोक्यावर छत. सहा जणांचं आठवड्याचं काम एक जण तीन दिवसांत उरकणार, तेही बसून. बाकी पाच जणांना पंपघरात आणि बागेत पांगवलं आणि ट्रॅक्टर काडीपैलवानाच्या वाट्याला आला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी कामावर बसायला सांगितलं होतं.

पण सीटलाच तो पसंत पडेना. सीटखाली एक स्विच होता. माणूस उठला की पाती थांबायची, इंजिन मात्र चालू राहायचं. उतरणाऱ्याचा पाय कापला जाऊ नये म्हणून ती सोय. ट्रॅक्टर आला त्या दिवशी मेकॅनिकने सगळ्यांसमोर दोनदा उठून तसं दाखवलंही होतं. ही सोय करणाऱ्याने काडीपैलवान पाहिलेला नसणार. चाक खड्ड्यात गेलं की हा टुणकन उडे आणि पाती बंद. बटण ओढून पुन्हा सुरू करावीत, तर दहा पावलांवर परत तेच. पंपघरातली माणसं हातातलं काम टाकून गंमत बघायला येत. "अरे, खिशात दगड भर!" एकाने सुचवलं. बिचाऱ्याने तेही करून पाहिलं.

पंधरा दिवसांनी, कुणी आलेलं नसताना, त्याने सीट उचलली. स्विचच्या दोन्ही वायरी सोलून एकमेकींभोवती पिळल्या आणि वरून टेप गुंडाळली. त्यानंतर तो कितीही उडाला तरी पाती थांबेनात; बटण दाबलं तरच थांबत. लोकांनी विचारलं, "जमलं कसं?" तर हा म्हणाला, "बसायची एक कला असते. कंबर सैल सोडायची, मांड्या घट्ट ठेवायच्या." झालं, लोकांनी माना डोलावल्या. जन्मभर ज्याची टिंगल झाली, त्याला असल्या माना फार गोड लागतात. दोन वर्षं तो चाळीस एकरांत राजासारखा फिरला. हाताची थरथर कमी झाली, चहा सांडायचा थांबला, आणि ती वायर तो स्वतःही जवळजवळ विसरला.

मग त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन आणि दहा दिवस घरी बसायला सांगितलं. तेवढे दिवस ट्रॅक्टर कुणाकडे द्यायचा, असं साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने मेहुण्याचं नाव पुढे केलं. बायकोचा धाकटा भाऊ, पूर्वीच्या सहा जणांतला, आता बागेत काम करणारा. नव्वद किलोचा, हसरा, सांगेल ते ऐकणारा गडी. काडीपैलवानाने त्याला मन लावून शिकवलं. बाहेरून आत फेऱ्या घ्यायच्या, आधीच्या फेरीवर चार बोटं चढून पुढची कापायची, उतारावर आडवं जायचं नाही, ओल्या गवताच्या वाटेला जायचं नाही. वायरीचं सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ती तुमची बसायची कला तेवढी शिकवा की!" शेजारी बागेतले दोघे कान देऊन उभे होते.

"तुझ्या वजनाला कलेची काय गरज?" काडीपैलवान म्हणाला. सगळे हसले. उद्या एकट्याला गाठून सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या ऑपरेशन होतं.

चौथ्या दिवशी गळक्या व्हॉल्व्हजवळच्या ओल्या गवताचा गोळा पात्यांत अडकला. मेहुण्याने ट्रॅक्टर थांबवला आणि मेकॅनिकने दाखवलं होतं तसा तो उठून खाली उतरला. इंजिन चालू होतं, ते चालू असायचंच. पाय आत घालून त्याने बुटाने गोळा ढकलला. उजवा पाय घोट्यापासून गेला.

चौकशीत मेकॅनिकने सीट उचलून टेप दाखवली. साहेबांनी कागदावर लिहिलं, की चालकाने यंत्रात छेडछाड केली. चालक म्हणजे मेहुणा. पाय गेला तो गेलाच, आता नोकरीही जाणार.

"पण साहेब, नव्वद किलोच्या माणसाला असलं करायची गरजच काय?" मेकॅनिक म्हणाला आणि डोळ्याला पट्टी बांधून उभ्या असलेल्या काडीपैलवानाकडे बघत राहिला.

"आता जे झालं ते झालं," साहेब म्हणाले. "तुम्ही सोमवारपासून या. गवत वाढतंय."

काडीपैलवान एक शब्द बोलला असता तर मेहुण्यावरचा आळ टळला असता. पण तो मान खाली घालून घरी आला. भित्रा होता, दुसरं काय? तीन दिवस त्याला अन्न गेलं नाही. बायको म्हणे, "माझ्या भावासाठी किती जिवाला लावून घेताय!" ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

रविवारी दोघं दवाखान्यात गेली. मेहुणा उशीला टेकून बसला होता; चौकशीतलं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. चादर एका बाजूला जिथे उंच असायला हवी तिथे सपाट होती. काडीपैलवानाला बघून तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "भाऊजी, माझंच चुकलं हो. तुमच्यासारखं बसता येत नाही तसं मला उठताही नीट आलं नसेल. घाईच केली असेन. नाहीतर पाती थांबायला हवी होती."

"थांबली नसती," काडीपैलवान म्हणाला. "वायर मी जोडली होती. दोन वर्षांपूर्वी. कला बिला काही नव्हती. उद्या साहेबांना लिहून देतो."

बायकोच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. मेहुणा त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही, हिशेब जुळत नसावा तसा.

"मला शिकवलंत त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"ते दोघे तिथे उभे होते," काडीपैलवान म्हणाला. "हसले असते."

"एवढ्यासाठी?"

बायकोही आता त्याच्याकडे बघत होती. दोघं भावंडं उत्तराची वाट बघत होती. त्याने याहून मोठं काही कारण सापडतं का ते मनात शोधून पाहिलं. दुसरं काही नव्हतं.

"एवढ्यासाठीच," तो म्हणाला.