काहीच ठाऊक नसलेला देव

माझा देव मी स्वतः तयार केला. लोकांना तो वारशानं मिळतो, सासरी मिळतो, नवसाला पावून मिळतो. मला मिळालेला पुरेना, म्हणून मी घरीच केला, शेजारणी पापड करतात तसा.

तीस वर्षं मी मंचरजवळच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. तर्कशास्त्राला वर्ग भरायचा, कारण त्यात मार्क पडतात अशी ख्याती होती. तत्त्वज्ञानाला सात जण असायचे. कांद्याची काढणी सुरू झाली की त्यातले तीन उरायचे. त्या तिघांना मी दुपारी अडीच वाजता सांगायची, की सांख्यांचा पुरुष नुसता बघतो, कशाला हात लावत नाही. आणि प्राचीन ग्रीसमध्ये एक जण म्हणून गेला, की देव फक्त स्वतःच्याच विचाराचा विचार करतो, त्याला आपली खबरही नसते. पोरं जांभया द्यायची. मला मात्र हे दोघंही ओळखीचे वाटायचे, कारण आमच्या घरी असंच काहीसं होतं.

आम्ही मूळचे राजस्थानातले जैन, पण मंचरात इतक्या पिढ्या गेल्या की घरात मराठीच चालायची. मारवाडी फक्त आईच्या रागात उरली होती. लहानपणी मला शेतकऱ्यांच्या मुलींचा फार हेवा वाटे. त्यांचे देव अंगात यायचे, रुसायचे, कोंबडं मागायचे, कौल द्यायचे. आमच्या स्थानकात, म्हणजे प्रार्थनेच्या जागेत, साधी मूर्तीसुद्धा नव्हती. मुक्त झालेले सिद्ध सगळ्या विश्वाच्या वर बसलेले, त्यांना सगळं दिसतं आणि ते काहीही करत नाहीत. मी आईला विचारलं होतं, "आपला देव देतो तरी काय?" ती डाळ निवडत होती. म्हणाली, "काय देत न्हाई, घेतबी न्हाई, म्हणून तर तो देव."

मी लग्न केलं नाही. आई शेवटची तीन वर्षं माझ्याकडे होती. ती गेली आणि त्याच वर्षी मी निवृत्त झाले. एकाच वर्षात घरातलं माणूस गेलं आणि दारातून बाहेर पडायचं कारणही गेलं. जेवण आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत होतं. त्यानंतर झोपेपर्यंतचा वेळ इतका लांब असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी गच्चीवर जाऊन बसायची. पश्चिमेला डोंगरांची रांग दिसते, खाली महामार्गावरचे ट्रक ऐकू येतात. तिथे बसून मी देव जुळवायला घेतला.

ग्रीकाचा घेतला तो एकटेपणा: माझा देव स्वतःतच गुंतलेला, डोंगरापलीकडे आमच्याकडे पाठ करून बसलेला. सांख्यांकडून घेतला तो रिकामा हात. भिंगं घासून पोट भरणारा एक युरोपी माणूस म्हणायचा, की देवावर प्रेम करावं पण त्यानं उलट प्रेम करावं अशी अपेक्षा धरू नये. तेही घेतलं, ते मला फुकटात जमण्यासारखं होतं. सिद्धांचं सगळं ठेवलं, फक्त त्यांचं सगळं जाणणं तेवढं काढून टाकलं. मग गोष्ट अशी झाली: आरंभी देव एकटा होता आणि अजूनही त्याला तसंच वाटतं. जग झालं ते त्याच्या पाठीमागे. त्याला कुणी सांगितलंच नाही. माणसाला जन्म मिळतो तो एवढ्यासाठी, की आपल्या वाट्याचं जे दिसलं ते त्याला सांगावं. सगळ्यांचं सगळं सांगून झालं, की तो मान वळवून बघेल.

ह्या देवाचे नियमही मी केले. मागायचं नाही. तक्रार नाही. विशेषणं नाहीत, तर्कशास्त्राची मास्तरीण होते मी. फक्त बातमी द्यायची. रोज संध्याकाळी मी पश्चिमेकडे तोंड करून हलक्या आवाजात सांगायची: आज मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग पुलापर्यंत गेली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलींनी दूध उतू घालवलं. शेजारच्या काकू गुडघ्याला तेल लावत रडल्या. सांगितलं की तो दिवस झाल्यासारखा वाटायचा. न सांगता झोपले तर वाटायचं, आज मी नव्हतेच. आठ वर्षं मी हे केलं, क्वचितच एखादी संध्याकाळ चुकवून, आणि कुणाला कळू दिलं नाही.

आता दादाबद्दल सांगायला हवं. माझा मोठा भाऊ आळेफाट्याला असतो. पाइप, मोटारी, नळाचं सामान असं दुकान आहे. आईचं आणि भाभीचं पटेना, तेव्हा आई माझ्याकडे आली. मुलगा असताना आई लेकीच्या दारात राहते, ही आमच्या समाजात भरपूर चघळण्याची गोष्ट. दादाला ते लागलं आणि त्यानं माझ्याकडे येणंच सोडलं. पाऊण-एक तासाचा रस्ता, पण तीन वर्षांत दोनदा आला असेल, तेही चप्पल दाराशी उलटी ठेवून, लगेच निघता यावं म्हणून.

आई गेली त्या दिवशी ती सकाळपासून त्याला हाक मारत होती. त्याचं लहानपणचं नाव घेऊन. मी तिचं अंग पुसत होते, चादर बदलत होते, आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणत होती, "आला का? बोलाव त्याला." तीन वर्षं मी होते तिथे. मला एक हाक नव्हती. मी तिला म्हणाले, "केलाय फोन, येतोय." फोन मी केला नव्हता. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि मी तो तिथेच राहू दिला. चारच्या सुमारास ती गेली. मग मी फोन केला आणि म्हणाले, "अचानक झालं."

त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे संवत्सरीचं चित्र. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्या जीवांची क्षमा मागतो. पूर्वी लोक घरोघर जाऊन हात जोडायचे. आता कमळ आणि जोडलेले हात असलेलं चित्र एका बोटानं शंभर जणांना जातं. त्या शंभरात मी दादालाही धरायची. तोही मला धरायचा. दरवर्षी आम्ही एकमेकांची रीतसर क्षमा मागायचो आणि त्यामुळे बोलायची गरज उरायची नाही. जगात ही युक्ती फक्त आम्हालाच साधली असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; मी तर डोंगरापलीकडे वळसा घातला होता.

गेल्या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात उभा. ढोपरं धरून, धापा टाकत. म्हणाला, "फोटो पाठवायचा कटाळा आला, बाई. म्हटलं यावं." मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तो उठला, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा माणूस, आणि त्यानं माझ्यासमोर हात जोडले.

"आईच्या वेळी मी आलो न्हाई. तू कळवायची वाट बघत बसलो. पोराला कळायला पायजे व्हतं गं, न सांगता. लई टोचतं. मिच्छामि दुक्कडम्."

क्षमा मागण्याच्या ह्या शब्दांना उत्तर ठरलेलं आहे. समोरच्यानं तेच शब्द म्हणायचे. मी हात जोडले आणि तेच म्हणाले. त्याचा चेहरा मोकळा झाला. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं, कारण मी शब्द उच्चारूनही तेच केलं होतं.

तो जेवला, पोटभर. मग गच्चीवर आला आणि विचारलं, "संध्याकाळी एकटी करतेस काय इथं?" का कोण जाणे, मी त्याला माझा देव सांगितला. पहिल्यांदाच कुणाला तरी. तो आधी हसला. "आमच्याकडं बी गिऱ्हाइकं येतात असली, मोटर बिघडली न्हाई तरी दुकानात बसणारी." मग जरा विचार करून म्हणाला, "सगळं सांगतेस त्याला?"

"सगळं."

"मग आई गेली तो दिस बी सांगितला असशील."

"हो," मी म्हणाले, आणि म्हणतानाच कळलं की नाही सांगितला. आठ वर्षांत गळणाऱ्या नळापासून काकूंच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगितलं, तो एक दिवस नाही. ज्याला काहीच ठाऊक नाही असा देव मला का हवा होता, ते त्या क्षणी उघडं पडलं. पूर्व आणि पश्चिम पालथी घालून मी एक असा श्रोता शोधला होता, जो कधी विचारणार नाही. मला स्वतःची किळस आली.

मी त्याला सोडायला गेले तेव्हा स्टँडवर आळेफाट्यावरून नाशिकला जाणारी गाडी लागली होती. दादानं पिशवी काखेत मारली, दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवला. तेव्हा मी बोलले.

"दादा, तिनं तुला बोलावलं होतं. सकाळपासून. मी फोनच केला नाही. मुद्दाम."

कंडक्टर म्हणाला, "चला बाबा, चढा वर." तो चढला. पलीकडच्या खिडकीला जाऊन बसला, म्हणून मला त्याचं तोंड दिसलं नाही. गाडी गेली.

त्यानंतर माझं गच्चीवरचं सांगणं बंद पडलं. एकदा प्रयत्न केला, पण पहिल्या वाक्यालाच वाटलं, हे ह्याला सांगायचं नाही. एकटी मी आधीही होते, पण एकटेपणाला रोजचं एक काम होतं. आता नुसतीच बसायची, आणि अंधार पडला की खाली यायची. दिवाळी गेली. कांदा निघाला, साठवणीच्या बराखीत गेला. दादाला फोन लावायचा धीर झाला नाही. ह्या वर्षीच्या संवत्सरीला त्याचं चित्र आलं नाही. मीही पाठवलं नाही. शंभर जणांतून त्याचं नाव काढलं.

चार दिवसांनी, दुपारी, फोन वाजला.

"बाई," तो म्हणाला. मागे दुकानातला आवाज होता, कुणीतरी दोन इंची पाइप मागत होतं.

"हं, दादा."

"तो दिस सांग मला. सकाळपासनं. काय गाळू नको."

माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "ते नको. दिस सांग."

मी भिंतीला टेकून खाली बसले. "सकाळी दूध दिलं, ते तिनं परत केलं," मी म्हणाले.

"किती वाजले व्हते?"

"साडेसात."

पाइप मागणाऱ्याला त्यानं जरा थांबायला सांगितलं.

"साडेसातला मी शटर उघडत व्हतो," तो म्हणाला. "मग?"