प्रभाकरचा चुकलेला अंदाज

प्रभाकर गेल्याचं मला वर्कशॉपमध्ये कळलं. नागापूरच्या एमआयडीसीत माझं लेथचं छोटं दुकान आहे. सकाळी शटर वर करून दिवे लावतोय तोच फोन वाजला. पलीकडे सुमनवहिनी, प्रभाकरची बायको. "भाऊजी, हे गेले... झोपेतच," त्या म्हणाल्या. मी पटकन म्हणालो, "आभाळ आलंय, ताडपत्री घेऊनच येतो." आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, पण आमच्या मैत्रीत फोन उचलल्यावर पहिली गोष्ट आभाळाचीच निघायची, आणि जिभेला तीच सवय होती. त्याला आता सव्वा महिना झाला. लोक भेटतात, हळहळतात आणि निघता निघता म्हणतात, माणूस भला होता, पण अंदाज चुकायचे हो त्याचे. इतकी वर्षं मी हे मान खाली घालून ऐकलं. आता ऐकवत नाही, म्हणून लिहितोय.

प्रभाकर नगरचाच. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक, घर चर्चच्या मागच्या गल्लीत. एका कारखान्यात तो मीटर आणि गेज दुरुस्त करायचा आणि मी तिथंच टर्नर होतो. कॅन्टीनमध्ये डबा खाताना रेडिओवर हवामानाचं वृत्त लागायचं, "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस." हे ऐकलं की हा चपाती खाली ठेवायचा. "तुरळक म्हणजे कुठं रे? तुझ्या गावात की माझ्या डोक्यावर?" बाकीचे हसायचे, त्याला मात्र खरोखर राग यायचा. गावागावाचं आभाळ वेगळं असतं, ते गावातच मोजलं पाहिजे आणि गावालाच सांगितलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एक दिवस नोकरी सोडून तो माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "आपण कंपनी काढू." जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये पुण्याहून आणलेला कोणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर, एक फोन आणि तीन खुर्च्या, एवढ्याला तो कंपनी म्हणायचा. त्यावरून मी त्याची पुष्कळ टिंगल केली. पण साखर कारखान्यांत जाऊन पावसाच्या जुन्या वह्या हातानं उतरवून आणताना, आणि एकेक आकडा त्या कॉम्प्युटरला भरवताना मी त्याला पाहिलंय. माणूस इतका वेळ एका जागी बसू शकतो यावर माझा विश्वास बसायचा नाही.

पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेट्या मी बनवल्या. देवळाली प्रवरापासून राळेगणसिद्धीच्या पलीकडच्या माझ्या गावापर्यंत पाच गावांत त्या उभ्या राहिल्या. पेटीत शेजारी शेजारी दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि दुसऱ्याच्या पाऱ्याच्या गोळीला ओली वात बांधलेली. दोघांच्या आकड्यांत फरक जास्त असला की हवा कोरडी, फरक कमी झाला की हवेत ओल. प्रत्येक गावातला एक माणूस सकाळी आठला आकडे वाचून फोन करायचा, वहिनी ते वहीत उतरवायच्या, प्रभाकर गणित मांडायचा आणि संध्याकाळी निरोप परत जायचा. माझ्या गावात डेअरीचे सचिव गुलाबराव तो खडूनं फळ्यावर लिहायचे. दोन हंगाम असे गेले की दूध घालायला आलेला माणूस किटली ठेवायच्या आधी फळा वाचायचा. तेव्हा प्रभाकर किती खूश असायचा, आणि ती खुशी लपवायला किती बारीकसारीक तक्रारी करायचा...

तिसऱ्या वर्षी खंडेनवमीला मी गावी होतो. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक अवजाराची पूजा होते. मी दरवर्षी लेथ पुसून, हळदकुंकू वाहून हार घालतो. पेटी तर माझ्याच हातची. सकाळी आंघोळ करून मी ती उघडली, ओल्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसली आणि पाण्यातून काढलेला झेंडूचा जाडजूड हार आत अडकवला. तो नेमका कोरड्या थर्मामीटरच्या गोळीवर बसला. नमस्कार करून मी दार लावलं. पुजलेली वस्तू हलवायची नाही म्हणून गुलाबरावांनी हार तसाच ठेवला, उलट आठ वाजता त्यावर आणखी पाणी शिंपडलं, आणि फुलांच्या फटीतून आकडे वाचून इमानदारीत फोन केला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही.

ओल्या हाराखाली कोरडा थर्मामीटरही ओलाच झाला होता. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. आभाळही थोडं भरलेलं होतं. बाकीच्या चार गावांत असं काहीच नव्हतं, पण प्रभाकरला शंका येण्याऐवजी आनंद झाला. फोनवर मला म्हणाला, "बघितलंस? तुझ्या एकट्या गावात पाऊस आहे. मी काय सांगत होतो?" त्या संध्याकाळी फळ्यावर लिहिलं गेलं की दोन दिवसांत जोराचा पाऊस येईल, काढणी उरकून घ्या. उशिरा पेरलेली बाजरी अजून हिरव्या दाण्यात होती. फळ्यावर विश्वास होता म्हणून गावानं ती कापली. दसऱ्याचा दिवस सगळं गाव शेतात होतं. त्यानंतर आठ दिवस नुसतं ऊन पडलं आणि कणसांतला दाणा वाळून पोचट झाला.

प्रभाकर स्कूटरवरून गावात आला तो थेट पेटीकडे गेला. बरोबर मी एकटाच होतो. त्यानं दार उघडलं, सुकलेला हार पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते मलाही तेव्हाच कळलं. मग हार काढून गुपचूप पिशवीत टाकला आणि डेअरीवर जाऊन लोकांपुढे म्हणाला, "गणित माझं चुकलं. दुसऱ्या कुणाचा दोष नाही." कुणी आवाज चढवला नाही. नामदेवतात्या, ज्यांची सगळ्यात जास्त बाजरी गेली होती, एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमी लई शिकल्यालं हाय. पन आमी तुमच्या भरवशावर इळा लावला हुता." मी प्रभाकरच्या शेजारी उभा होतो. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरेसं होतं.

परतताना मी स्कूटरवर मागे बसून विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?" त्यानं स्कूटर हळू केली. मग म्हणाला, "सांगणारा मी कोण, ते बघ की. उद्या गाव म्हणेल, चर्चला जाणारा माणूस आपल्या पूजेवर खापर फोडतोय. मग थर्मामीटर राहील बाजूला. आणि तुझी आई त्याच गावात राहते." मी म्हणायला हवं होतं की मग मी सांगतो. मी म्हणालो, "पेट्रोल आहे ना पुरेसं?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं गारपिटीचा अंदाज काढला. फळा कुणी वाचत नव्हतं, म्हणून स्वतः गावात गेला, दारोदार फिरून कांदा झाका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या. कांदा उघड्यावरच होता. तो अंदाज बरोबर आला हे नंतर कुणी बोललं नाही, कारण त्यात ज्याच्या त्याच्या जिवाला लागण्यासारखं होतं. एकेका गावाचे फोन बंद झाले, कंपनी मिटली, आणि प्रभाकर पुन्हा लोकांचे मीटर दुरुस्त करायला लागला. हाराचा विषय त्यानं परत काढला नाही. शेवटी शेवटी थकला होता. डॉक्टर हृदयाचं म्हणाले, आणि मला ते खोटं वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, "सकाळी आठ वाजले की अजून मी हात पुसून फोनजवळ येऊन बसते बघा." ते ऐकून मला तिथं बसवेना. तसाच एसटीनं गावी गेलो. संध्याकाळी दूध घालायची वेळ होती, माणसं जमली होती. मी मध्ये उभा राहून सगळं सांगितलं, हार कुणी घातला, आकडे का चुकले, प्रभाकरनं कुणाला पाठीशी घातलं. गुलाबराव खुर्चीवर बसून राहिले. नामदेवतात्या आता काठी टेकत चालतात. ते जवळ आले.

"आन् हे तू आज सांगतोयस व्हय?" ते म्हणाले. "गारांचं सांगाया त्यो मानूस माझ्या दारात उन्हात हुबा हुता. मी त्याला पानी बी इचारलं न्हाई रं."

दूध मोजून झालं, लोक आपापल्या किटल्या घेऊन घरी गेले. एसटीला दीड तास होता. तेवढा वेळ मी डेअरीच्या ओट्यावर बसून होतो, आणि मलाही कुणी पाणी विचारलं नाही.