बारवेचा उपसा

मी काही भित्री बाई नाही. माझा नुसता आवाज ऐकला तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. पण सिन्नरच्या पुढच्या त्या खेड्यात बदली झाली आणि गावाच्या पायऱ्यांच्या बारवेकडे जायची वेळ आली की छातीत धडधड सुरू व्हायची. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीचं पाणी ओढ्यातल्या झिऱ्याचं. बारवेवर येऊ नका असं कुणी म्हणत नव्हतं, कारण आमच्यातलं कुणी तिकडं जातच नव्हतं.

तरी पाण्याचा धडा तिथंच घ्यायचा, हा माझा हट्ट. पाणी जपून वापरा, हे फळ्यावर लिहून कुणाला कळतं हो? म्हणून दर बुधवारी पोरांना बारवेवर न्यायचे. गावातली खाली उतरायची, पाणी जिथं टेकलंय तिथं भिंतीवर कोळशानं रेघ मारायची आणि मागच्या रेघेपासून किती उतरलं ते ओरडून सांगायची. मी वस्तीतल्या पोरांसोबत वर लिंबाखाली उभी. तिथून पुढं पाऊल टाकायची माझी छाती नव्हती.

चैत्रात एकदा चौथीतली एक पोर रेघ मारताना शेवाळावरून घसरली आणि गटांगळ्या खायला लागली. मी कधी धावले, कधी कमरेएवढ्या पाण्यात शिरले, काही कळलं नाही. तिला बाहेर ओढलं तेव्हा भानावर आले. पायऱ्यांवर बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यातलीच एक पोरीची आई. तिनं लेकीला माझ्या हातातून हिसकावलं आणि चालती झाली. माझं पातळ निथळत होतं.

वस्तीवर मी जिच्याकडे राहायचे ती म्हातारी म्हणाली, "बाई, शेवटची येष्टी हाय. नाशिकला जावा, उगं ऱ्हाऊ नका."

"का? मी काय चोरी केलीय?"

म्हटलं खरं, पण अंधार पडायच्या आत दाराला कडी घातली आणि वर पाटा टेकवला. नोकरी जाईल, माझ्यापायी वस्तीवर दगड पडतील, या विचारानं रात्रभर दाराकडं बघत बसले.

कुणी आलं नाही. सकाळी डिझेल इंजिनाचा आवाज कानावर आला. शाळेत जाताना पाहिलं, तर बारव उपसायला काढलेली. माझ्या पायानं बाटलेलं पाणी म्हणे! पाऊस अजून कितीतरी लांब, आणि पोरांनी आठवड्या आठवड्याला मोजलेलं ते पाणी माळावरच्या मुरमात जिरत होतं. संताप असा आला की इंजिन लाथेनं पाडावं. पण मी भ्याले होते. मान खाली घालून शाळा गाठली.

ती पोर वर्गात आली होती. एक गाल सुजलेला. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर टेबलाजवळ आली, दाराकडं बघत हळूच म्हणाली, "बाई, मी पुन्यांदा पडले ना, तर मला काढू नका."